प्रत्यक्ष व्यक्ती पाहून मानवाकृतीचे रेखाटन

प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या वह्या एकत्र करून चाळल्या, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, एक घर, एक नदी, एक नारळाचे झाड ही चित्रे गावोगावी एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसतात. त्यांत कोठे माणूस असलाच, तर तोही साच्यातलाच असतो. वाटोळे डोके, त्याखाली चौकोनी धड, दोन्ही बाजूंना काठ्यांसारखे हात आणि एकाच दिशेला वळलेली दोन पावले. ज्या मुलाने हे चित्र काढलेले असते, त्याच्या घरी आजी चुलीपुढे बसून भाकरी थापते, वडील डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येतात, धाकटी बहीण उंबऱ्यावर गुडघ्यांना मिठी मारून बसते. यांपैकी एकही माणूस त्याच्या वहीत उतरत नाही. मुलाला माणसे दिसत नाहीत असे नव्हे. ती न्याहाळावयास त्याला कोणी सांगितलेले नसते.

याचा परिणाम पुढे पाचवी-सहावीच्या सुमारास दिसू लागतो. या वयात मूल आपल्या चित्राची तुलना खऱ्या वस्तूशी करू लागते. आपला माणूस खऱ्या माणसासारखा नाही, हे त्याला कळते; परंतु तो तसा का झाला नाही, हे कळत नाही. मग ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून ते हात आखडते घेते, आणि बहुतेकांच्या बाबतीत हा निर्णय जन्मभराचा ठरतो. वस्तुतः त्या मुलाच्या हातात काहीच उणे नसते. उणीव असते ती पाहण्याच्या सवयीची. ही सवय लावण्याचा उत्तम उपाय म्हणजे वर्गात प्रत्यक्ष व्यक्ती समोर बसवून तिचे रेखाटन करविणे. त्यासाठी विशेष साहित्य लागत नाही, आणि शिक्षक चित्रकार असावा लागतो असेही नाही.

हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या, आणि तीही शंभरांहून अधिक पटसंख्या असलेल्या शाळांसाठी. लहान गावांतील शाळांत हा विषय वर्गशिक्षकालाच शिकवावा लागतो. पुढील विवेचन मुख्यतः अशा शिक्षकांसाठी आहे.

मूल काय पाहते आणि काय काढते

फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी बालचित्रांवरील आपला ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध केला. लहान मूल डोळ्यांना दिसते ते न काढता, मनाला जे ठाऊक असते ते काढते, हा त्यांतील मुख्य सिद्धांत होय. तीन-चार वर्षांचे मूल डोके काढून त्यालाच हातपाय जोडते. थोडे मोठे मूल बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यावरही दोन डोळे काढते, कारण माणसाला डोळे दोन असतात हे त्याला माहीत असते. ही चूक नव्हे, वाढीची पायरी आहे. यास्तव पहिली-दुसरीच्या मुलांना समोर कोणी बसवून ‘असेच काढ’ असे सांगू नये. त्यांना मनातील माणसे मनसोक्त काढू द्यावीत. तिसरी-चौथीत थोड्या वेळाची रेखाटने सुरू करावीत, आणि पाचवीपासून दहा-पंधरा मिनिटांची बैठक घ्यावी.

मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र फळ्यावर नमुना काढून तो उतरवून घेण्याची रीत घातक आहे. त्या रीतीने मूल माणूस पाहत नाही, तर शिक्षकाची रेषा पाहते. तीस मुलांच्या तीस वह्यांत तोच माणूस येतो आणि सर्वांना समाधान वाटते. परंतु पाहिलेले कोणीच काही नसते. उलट, मध्यभागी एक विद्यार्थी बसवून भोवती गोलाकार बसलेल्या मुलांनी त्याचे चित्र काढले, तर कोणाला त्याची पाठ दिसेल, कोणाला कुशी, कोणाला समोरचा चेहरा. तेथे दोन चित्रे सारखी येऊच शकत नाहीत. मुलांनी खरोखर पाहिले की नाही, याची ही सोपी कसोटी होय.

ही विद्या कशी शिकविली जाई

माणूस पाहून माणूस काढण्याची शिस्त जुनी आहे. इटलीत आल्बेर्ती याने १४३५ साली चित्रकलेवरील ग्रंथात सांगितले, की प्रथम हाडांचा विचार करावा, मग स्नायूंचा, आणि शेवटी त्वचेचा. फ्लॉरेन्स येथे १५६३ मध्ये, पॅरिस येथे १६४८ मध्ये आणि लंडन येथे १७६८ मध्ये कलेच्या अकादमी स्थापन झाल्या. अशा संस्थांतून शिक्षणाचा एक क्रम रूढ झाला. विद्यार्थ्याने आधी छापील चित्रांवरून, नंतर प्लास्टरच्या पुतळ्यांवरून आणि अखेरीस सजीव व्यक्तीवरून रेखाटन करावे, असा तो क्रम होता. अशी बैठक देणाऱ्या व्यक्तीस ‘मॉडेल’ म्हणतात.

या वर्गाचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हेही येथे नमूद करावयास हवे. लंडनच्या अकादमीच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. तरीही त्या सदस्यांचे मॉडेलच्या वर्गातील जे सामूहिक चित्र झोफनी या चित्रकाराने काढले, त्यात या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींच्या रूपाने दाखविल्या आहेत. तेथील विद्यार्थिनींना सजीव व्यक्तीवरून अभ्यास करण्याची मुभा मिळावयास १८९३ साल उजाडावे लागले. आज आपल्या शाळेत मुलगी आणि मुलगा एकाच वर्तुळात बसून एकच बैठक रेखाटतात, ही साधी गोष्ट नव्हे.

मुंबईस सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली आणि हाच क्रम येथे आला. १९१९ च्या सुमारास शाळेची सूत्रे हाती घेतलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात सजीव मॉडेलवरील अभ्यासाला अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले. याच शाळेत शिकून तेथेच अध्यापन केलेले कोल्हापूरचे म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) हे माणसांच्या निरीक्षणाचे उत्तम उदाहरण होत. रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली. वेगवेगळ्या प्रांतांतील व समाजांतील स्त्रिया कशा उभ्या राहतात, वस्त्र कसे नेसतात, याचे बारकावे त्यांत दिसतात. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. त्यासाठी त्यांनी आपल्या कन्येलाच दिवा हाती देऊन उभे केले होते. उत्तम मॉडेल शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही, असे यावरून म्हणता येईल.

आपल्या प्राचीन ग्रंथांतही हा विचार आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक असे पाच प्रकार सांगितले असून त्यांची उंची अनुक्रमे १०८, १०६, १०४, १०० व ९० अंगुळे दिली आहे. म्हणजे सर्व माणसांस एकच माप लावावे, असे त्या ग्रंथकारासही मान्य नव्हते. शरीर वळले असता त्याचे भाग कमीअधिक दिसतात, त्यास तेथे ‘क्षयवृद्धी’ असे नाव आहे; आणि नृत्य जाणल्यावाचून चित्र समजणे कठीण, असेही तेथे सांगितले आहे. हे तिन्ही विचार वर्गात उपयोगी पडतात.

वर्गाची मांडणी

बैठक देणाऱ्यासाठी एखादा बाक किंवा मजबूत पाट मध्यभागी ठेवावा. दारातून वा खिडकीतून एकाच बाजूने प्रकाश यावा, म्हणजे उजेड-सावली स्पष्ट कळते. मुलांनी सुमारे दोन-अडीच मीटर दूर वर्तुळात बसावे. फार जवळ बसल्यास आकृती एकदम दृष्टीत मावत नाही. उभ्या बैठकीत पावलांभोवती खडूने खूण करावी, म्हणजे विश्रांतीनंतर त्याच जागी उभे राहता येते. पाच मिनिटांनी विश्रांती द्यावी. मुलांचे अंग लवकर अवघडते.

साहित्य म्हणून पाटी व खडू, पाठकोऱ्या कागदांची चळत आणि कोळशाचे तुकडे पुरेत. कोळशाने हात मोकळा चालतो आणि बारीक डोळे-नाक गिरविण्याचा मोह आपोआप टळतो. खोडरबर पहिले काही आठवडे बाजूला ठेवावे. रेषा चुकली, तर तिच्या शेजारी दुसरी काढावी. चुकलेली रेषा दिसत राहिल्याने काय बदलले हे मुलाला समजते.

आधी हालचाल, मग आकार

अमेरिकन कलाशिक्षक किमॉन निकोलाइडीस यांचा रेखाटनाच्या पद्धतीवरील ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. माणूस दिसतो कसा यापेक्षा तो काय करीत आहे, हे प्रथम काढावे, असा त्यांचा आग्रह होता. यासाठी एक-एक मिनिटाची शीघ्र रेखाटने करवावीत. एका विद्यार्थ्याने केर काढण्यासाठी वाकावे, दुसऱ्याने बादली उचलावी, तिसऱ्याने चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात थांबावे. प्रत्येक वेळी रेखाटन सुरू करण्यापूर्वी सर्व वर्गाने तीच स्थिती स्वतः करून पाहावी. वाकल्यावर पाठीला कोठे ताण पडतो, बादलीचा भार कोठे जाणवतो, हे अंगाने कळले की रेषेत उतरते. नृत्याविषयी चित्रसूत्रात जे सांगितले आहे, त्याचा अर्थ मुलांना असा सहज कळतो.

या मिनिटात डोक्यापासून पावलापर्यंत वाहणारी एक मुख्य रेषा आणि हातापायांची दिशा एवढेच यावे. चेहरा, बोटे, गुंड्या काढू नयेत. पाच-सहा शीघ्र रेखाटनांनंतर हात सैल होतो आणि मग एक दहा मिनिटांची बैठक घ्यावी.

प्रमाण

प्रमाणाचे सर्वांत सोयीचे माप म्हणजे डोके. हात ताठ करून पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा, पेन्सिलीच्या टोकाशी डोक्याचा माथा आणि अंगठ्याच्या नखाशी हनुवटी येईल असे धरावे, आणि तेवढेच माप खाली किती वेळा बसते ते मोजावे. हात वाकला की माप बदलते, एवढी सूचना पुरे.

येथे एक सावधगिरी हवी. पुस्तकांत माणूस साडेसात किंवा आठ डोक्यांचा सांगितलेला असतो. ते माप प्रौढाचे होय. तान्हे बाळ सुमारे चार डोक्यांचे असते, तीन-चार वर्षांचे मूल पाच, आठ-नऊ वर्षांचे सहा, तर बारा-तेरा वर्षांचे सात डोक्यांच्या जवळपास भरते. ही मापे ढोबळ आहेत. चौथीतील मूल समोर उभे करून ‘आठ डोकी’ हा नियम लावला, तर वहीत लहान मुलाच्या जागी एक खुजा प्रौढ तयार होतो. नियम आधी सांगू नये. मुलांना मोजावयास सांगावे, आलेली संख्या फळ्यावर लिहावी, आणि मग शिक्षकांनी स्वतः उभे राहून आपलीही मोजणी करवून घ्यावी. दोन संख्यांतील फरक पाहून वाढीविषयी जे समजते, ते परिसर अभ्यासाच्या तासालाही उपयोगी पडते.

नेहमीच्या काही चुका स्वतःच्या अंगावर पडताळता येतात. डोळे कपाळाजवळ काढले जातात. वस्तुतः ते माथा आणि हनुवटी यांच्या मध्यावर असतात. हाताचे पंजे फार लहान काढले जातात. पंजा चेहऱ्यावर ठेवला, तर तो हनुवटीपासून कपाळावरील केसांपर्यंत पोहोचतो. हात धडाच्या मध्यातून फुटलेले दाखविले जातात; खांदा चाचपला की ती चूक पुन्हा होत नाही. हात खाली सोडले असता कोपर कमरेच्या आसपास आणि बोटे मांडीच्या मध्यापर्यंत येतात.

तोल

चित्रातील माणूस पडेल असे वाटते, तेव्हा बहुधा भार चुकलेला असतो. एक दोरा घेऊन त्याला खडा बांधावा, म्हणजे गवंड्याचा ओळंबा झाला. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या मुलाच्या गळ्याच्या खळगीसमोर तो धरला, तर दोरा भार असलेल्या पायाच्या घोट्यापाशी येतो. त्या बाजूची कंबर वर उचललेली असते आणि बहुधा खांदा त्याच बाजूस झुकलेला असतो. आपल्या मूर्तींतील त्रिभंग याच निरीक्षणातून समजून घेता येतो. उजव्या हातात भरलेली बादली दिली, की शरीर डावीकडे कलते आणि डावा हात बाहेर फेकला जातो. मुलाने हे एकदा पाहिले, की त्याच्या चित्रातील पाणी आणणारी बाई खरोखर पाणी आणू लागते.

जवळ आलेला अवयव

मांडी घालून समोर बसलेल्या मुलाची मांडी पूर्ण लांबीची काढली जाते, कारण ती लांब असते हे काढणाऱ्यास ठाऊक असते. प्रत्यक्षात आपल्याकडे रोखलेला अवयव आखूड दिसतो. हीच ती क्षयवृद्धी. येथे समजावून सांगण्यापेक्षा दृष्टी दुसरीकडे वळवावी. अवयव न काढता त्याच्या आजूबाजूची मोकळी जागा काढावयास सांगावी. कमरेवर हात ठेवलेल्या मुलाच्या कोपराआड जी त्रिकोणी जागा दिसते, तिला मनात ठरलेला आकार नसतो. त्यामुळे मूल ती जशी दिसते तशीच काढते, आणि हात आपोआप योग्य ठिकाणी येतो.

शिक्षकाचे काम

शिक्षकांनी मुलाच्या कागदावर स्वतः रेषा काढू नये. तसे केल्यास चित्र सुधारते, पण मूल पुन्हा शिक्षकाच्या रेषेकडे पाहू लागते. त्यांनी मुलाच्या मागे, त्याच्याच उंचीवर बसावे आणि प्रश्न विचारावेत. भार कोणत्या पायावर आहे? कोणता खांदा खाली आहे? गुडघा नाकाच्या सरळ खाली येतो की बाजूला? उत्तर देण्यासाठी मुलाला मान वर करून पाहावेच लागते. कागदाकडे जितके पाहावे, निदान तितकेच समोरच्या माणसाकडे पाहावे, हा या वर्गाचा एकमेव नियम होय.

बैठक देणाऱ्याचा मान

या पाठात सर्वांत नाजूक भाग आहे तो बैठक देणाऱ्याचा. तीस डोळ्यांच्या जोड्यांपुढे स्थिर बसणे सोपे नाही. एखादे मूल फार किडकिडीत असते, एखाद्याच्या सदऱ्याला ठिगळ असते, एखाद्याच्या पायात अधूपण असते. चित्राच्या निमित्ताने त्याकडे बोट दाखविले गेले, तर तो घाव चित्रकलेच्या तासाने केलेला असेल. म्हणून पहिली बैठक शिक्षकांनी स्वतः द्यावी. गुरुजी किंवा बाई बाकावर बसल्या की प्रथम थोडे हसू उमटते. मग ते ओसरते आणि वर्ग कामाला लागतो. मुलांनी काढलेले आपले पोट किंवा टक्कल शिक्षकांनी सहज स्वीकारले, की समोर बसणे ही शिक्षा नसून विश्वास आहे, हे वर्गाला न सांगता कळते.

त्यानंतर हजेरीच्या क्रमाने प्रत्येकास पाळी द्यावी. तथापि ज्याची इच्छा नसेल त्यास आग्रह करू नये आणि कारणही विचारू नये. दिसण्याविषयी, रंगाविषयी, कपड्यांविषयी एकही शब्द उच्चारला जाऊ नये. बोलणे व्हावे ते दिशा, माप आणि तोल यांविषयीच. अपंगत्व असलेल्या मुलास बसावयाचे असेल, तर त्याची पाळी इतरांसारखीच यावी. कुबडी घेतली असता भार कसा विभागला जातो, हे इतर बैठकींइतक्याच गंभीरपणे पाहावे. गावातील कुंभार, शिंपी, एखादी आजी यांनाही बोलवावे. परंतु काम नसलेला माणूस म्हणून नव्हे, तर पाहुणा म्हणून. आधी विचारावे, वेळ किती लागेल ते सांगावे, पाणी-चहा द्यावा, आणि शेवटी सर्व चित्रे त्यांच्यासमोर मांडावीत. काढलेले चित्र फाडून केरात टाकू नये, ही शिस्त मुलांना पहिल्या दिवसापासून असावी.

मूल्यमापन

या चित्रांना स्वच्छतेचे किंवा सुबकपणाचे गुण देऊ नयेत. एका मुलाचे चित्र दुसऱ्याशी न ताडता त्याच्याच आधीच्या चित्राशी ताडावे. यासाठी प्रत्येक कागदावर दिनांक घालून तो जपून ठेवावा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्राचा विषय असतो. पुढे त्या परीक्षांस बसणाऱ्या मुलांनाही या अभ्यासाचा लाभ होतो, कारण जे कधी न्याहाळलेच नाही, ते आठवून काढता येत नाही.

आठवड्यातून एक तास याप्रमाणे एका सत्रात दहा-बारा बैठका सहज होतात. पहिल्या बैठकीचे व शेवटच्या बैठकीचे चित्र शेजारी ठेवून वर्गाच्या भिंतीवर लावावे, आणि पालकसभेच्या दिवशी ते तेथेच राहू द्यावे. ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाची दोन चित्रे त्यांत प्रथम असावीत. काठ्यांचे हात असलेल्या आकृतीशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली वर्गातील एखादी मैत्रीण तेथे दिसली आणि पाहणाऱ्याने तिला नावाने ओळखले, तर त्या सत्राचे काम झाले असे समजावे.